चिनी वैद्यकातील हळदीची भावंडे

(हळद उत्पादक शेतकऱ्यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



बेणे प्रक्रिया, कंदकूज आणि हळद शिजविण्याच्या सुधारित पद्धती यांविषयी माझ्या सहकाऱ्यांनी आपणास सकाळपासून सविस्तर माहिती दिली आहे. माझ्या वाट्याला आलेला विषय थोडा आडवाटेचा आहे. चीन देशातील परंपरागत वैद्यकात हळदीच्या भावकीतील वनस्पतींचा औषध म्हणून कसा उपयोग करतात, ते मी सांगणार आहे. आपल्या बांधावर बसून चीनच्या गोष्टी कशाला, असे कोणाला वाटेल. म्हणून त्याचे कारण आधी सांगतो.

गेल्या हंगामात काढणीच्या सुमारास एक शेतकरी बंधू पिशवीत चार गड्डे घेऊन माझ्याकडे आले. त्यांनी वीस गुंठ्यांत "चिनी औषधी हळद" लावली होती. बेणे सेलमच्या कितीतरी पट दराने घेतले होते. सोबत एक रंगीत पत्रक होते. हे पीक चीनमध्ये कर्करोगावरील औषध म्हणून वापरतात आणि सर्व माल आम्हीच परत घेऊ, असे त्यावर छापले होते. माल तयार झाला तेव्हा पत्रकावरचा फोन लागेना. मी गड्डा मोडून पाहिला. आतून फिकट पिवळा, वास कापराच्या वळणाचा. पानाच्या मधल्या शिरेवर जांभळट पट्टा होता का, असे विचारले तर म्हणाले, होता. माझ्या मते तो आपला कचोरा होता. त्यांनी मला एवढेच विचारले, "साहेब, चीनमध्ये हे खरंच औषधाला लागतं का?" या प्रश्नाला एका शब्दात हो किंवा नाही म्हणता येत नाही. त्या दिवशी घाईत जे सांगायचे राहिले, ते आज आपणा सर्वांसमोर सांगतो.

भावकी मोठी आहे

आपली हळद ज्या कुळीतील आहे तिला शास्त्रज्ञ कुरकुमा म्हणतात. आपली नेहमीची हळद म्हणजे कुरकुमा लोंगा. आंबेहळद, रानहळद, कचोरा आणि अलीकडे जिच्या नावाने बरेच लोक फसले ती काळी हळद, ही सर्व तिची भावंडे होत. पाने सारखी, गड्डे सारखे, फुलांचा तुराही पुष्कळसा सारखा. मात्र आतील द्रव्ये वेगवेगळी असतात. हळदीचा पिवळा रंग ज्याने येतो ते कुरकुमीन कचोऱ्यात अगदी थोडे असते. त्याचे सारे बळ सुगंधी तेलात असते. म्हणून तर दिवाळीच्या उटण्यात आपण कचोरा घालतो.

चीनमध्येही अशीच भावंडे आहेत. ती प्रामुख्याने देशाच्या दक्षिण भागात, म्हणजे सिचुआन, ग्वांगशी आणि झेजियांग या प्रांतांत पिकवली जातात. चिनी वैद्य त्यांपासून मिळणाऱ्या औषधांना तीन मुख्य नावांनी ओळखतात. जियांग-हुआंग, यू-जिन आणि अ-झू. यांपैकी जियांग-हुआंग म्हणजे आपल्याच हळदीचे कंद. अ-झू हे कचोऱ्याच्या अगदी जवळचे औषध. जुन्या पुस्तकांत तर अ-झूला सरळ कुरकुमा झेडोआरिया, म्हणजे कचोऱ्याचेच शास्त्रीय नाव दिलेले आढळते. आजचा चीनचा अधिकृत औषधी ग्रंथ मात्र तसे म्हणत नाही. त्यात अ-झूसाठी तीन जाती नेमून दिल्या आहेत: कुरकुमा फिओकॉलिस, कुरकुमा क्वांगसिएन्सिस आणि कुरकुमा वेन्युजिन. कचोऱ्याचे नाव त्या यादीत नाही, काळ्या हळदीचेही नाही. पिशवी घेऊन आलेल्या बंधूंच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर येथेच आहे.

एक झाड, तीन औषधे

आता मला जो भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो त्याकडे वळतो. आपण हळद उत्पादक आहात, त्यामुळे तो आपल्याला एखाद्या वैद्यापेक्षाही लवकर कळेल.

झेजियांग प्रांतात वेंझौ शहराजवळ रुईआन नावाचा भाग आहे. तेथील शेतकरी कुरकुमा वेन्युजिन ही जात पिढ्यान् पिढ्या लावत आले आहेत. काही वनस्पतिशास्त्रज्ञ तिला रानहळदीचाच लागवडीतील प्रकार मानतात. त्या प्रांतातील आठ नामांकित औषधी मालांत तिची गणना होते. लागवड साधारण एप्रिलमध्ये होते आणि पाला पूर्ण वाळल्यावर, डिसेंबरच्या सुमारास, काढणी. काढलेल्या एकाच पिकातून तीन औषधे निघतात.

आपण हळद उपटतो तेव्हा गड्ड्यापासून निघालेल्या काही मुळांच्या टोकाला बोराएवढे, कधी त्याहून लांबट, पाणीदार फुगवटे लागलेले असतात. आपण ते झाडून टाकतो. तेथे मात्र ते वेगळे तोडून, माती धुऊन, आतपर्यंत शिजतील असे वाफवतात किंवा उकळतात आणि वाळवतात. हे यू-जिन. गड्डे धुऊन, पूर्ण शिजवून, उन्हात किंवा मंद उष्णतेवर वाळवले आणि तंतुमुळे काढून टाकली की झाले अ-झू. हेच कंद न शिजवता, ओले असतानाच उभे जाड कापून उन्हात वाळवले तर तिसरे औषध तयार होते. त्याला फ्येन जियांग-हुआंग, म्हणजे कापांची हळद म्हणतात. झाड तेच, शेत तेच. कोणता भाग घेतला आणि शिजवला की कच्चा वाळवला, एवढ्यावरून नाव बदलते, गुण बदलतो आणि गिऱ्हाईकही बदलते.

शिजविल्याने काय होते हे आपल्याला सांगायला नको. आतील पिठूळ पदार्थाची खळ होते, डोळा मरतो, कंद पुन्हा फुटत नाही आणि सगळीकडून सारखा वाळतो. मोडला तर शिंगासारखा चिवट, चकचकीत कट दिसतो. कच्च्या वाळलेल्या कापाचा कट पिठूळ आणि रेषाळ दिसतो. चिनी व्यापारी माल हातात घेऊन मोडतो आणि प्रथम हेच पाहतो. सांगलीच्या पेठेत हळकुंड मोडून पाहणारा व्यापारी वेगळे काय करतो?

आपल्या नेहमीच्या हळदीलाही तेथे हाच न्याय आहे. तिचे कंद म्हणजे जियांग-हुआंग आणि तिच्याच मुळांचे फुगवटे म्हणजे यू-जिनचा एक प्रकार. सिचुआनमध्ये असे दोन्ही माल एकाच शेतातून निघतात. म्हणजे आपण काढणीच्या वेळी बांधावर फेकून देतो ती वस्तू तेथे पोत्यात भरली जाते. हे ऐकून उद्याच ते फुगवटे गोळा करायला लागू नका. आपल्याकडे त्याला बाजार नाही, आणि जेथे बाजार आहे तेथे त्यांचा स्वतःचा माल आहे.

वैद्य ती कशासाठी देतात

चिनी वैद्यकाची विचारसरणी थोडी समजून घेतली पाहिजे. त्यांच्या मते शरीरात "ची" नावाची चालक शक्ती आणि रक्त ही दोन्ही सतत वाहत असतात. हे वाहणे अडले की वेदना होते, फार काळ अडले की गाठ होते. आपण पाटाचे उदाहरण घेऊ. पाटात गाळ साचला की वरच्या बाजूला पाणी तुंबते आणि खालचे पीक वाळते. हळदीच्या भावकीतील सर्व औषधे ही त्यांच्या दृष्टीने पाट मोकळा करणारी औषधे आहेत. फरक कोणता पाट आणि किती जोराने, एवढाच. ही त्यांची मांडणी आहे, आयुर्वेदातील वात-पित्ताशी ती जशीच्या तशी जुळवू नये.

सोळाव्या शतकात ली शिझेन नावाचा मोठा वैद्य चीनमध्ये होऊन गेला. त्याचा बेनत्साओ गांगमू हा औषधी द्रव्यांचा ग्रंथ 1596 साली छापून निघाला. ही तीन औषधे दिसायला आणि गुणाला जवळजवळची आहेत हे त्याने मान्य केले आहे. तरीही एक हृदयाकडे, एक प्लीहेकडे आणि एक यकृताकडे जाते, अशी त्याने त्यांची वाटणी करून दिली. सारख्या दिसणाऱ्या मालाची सरमिसळ तेव्हाही होत असावी, असे मला यावरून वाटते. नाहीतर एवढे बजावून सांगण्याचे कारण नव्हते.

यांपैकी अ-झू सर्वांत जोरकस. चवीला तिखट-कडू आणि उष्ण मानलेले. साचलेले रक्त फोडणारे असेच त्याचे वर्णन करतात. पोटातील गाठी, अडलेली मासिक पाळी, छातीतील दुखणे, तसेच अन्न साचून पोट फुगणे व दुखणे यांसाठी ते देतात. मात्रा दिवसाला 6 ते 9 ग्रॅम, काढ्यात. पुष्कळदा ते सान-लेंग या पाणथळ जागी उगवणाऱ्या वनस्पतीच्या कंदाबरोबर दिले जाते. वेदना हे मुख्य लक्षण असेल तर अ-झू तांदळाच्या शिरक्यात मुरेपर्यंत उकळून मग कापतात. त्यामुळे औषध यकृताकडे वळते आणि दुखणे अधिक शमते, अशी त्यांची समजूत आहे.

जोरकस औषधाचे दुखणेही जोरकस असते. गरोदर स्त्रीला अ-झू देऊ नये, असा स्पष्ट निर्बंध तेथील अधिकृत ग्रंथात आहे. पाळीत फार रक्त जाणाऱ्या स्त्रियांनाही वैद्य ते देत नाहीत. अशक्त रोग्याला ते एकटे देऊ नये हे जाणून झांग शीचुन (1860 ते 1933) या वैद्याने त्याची सांगड बल देणाऱ्या औषधांशी घातली. त्याच्या प्रसिद्ध काढ्यात अ-झू आणि सान-लेंग यांच्या बरोबरीने हुआंग-ची ही बलवर्धक मुळी पडते. नांगर लावण्याआधी बैलाला पेंड घालावी, तसाच हा विचार.

यू-जिनचा स्वभाव उलट, थंड. त्याच झाडाच्या गड्ड्याला उष्ण आणि मुळाच्या फुगवट्याला थंड मानणे आपल्याला चमत्कारिक वाटेल, पण त्यांच्या चिकित्सेचा सारा भर या फरकावर आहे. कावीळ, पित्ताचे विकार, बरगडीखालचे दुखणे, तापात शुद्ध हरपणे आणि मनात दुःख कोंडून राहिल्याने येणारी घुसमट यांवर यू-जिन देतात. मात्रा 3 ते 10 ग्रॅम. तुरटी आणि यू-जिन यांची 3 भागांस 7 भाग या प्रमाणात केलेली एक जुनी गोळी फेफरे आणि उन्माद यांवर दिली जात असे. तीव्र तापात बेशुद्ध झालेल्या रोग्याला देण्याची आन-गोंग न्यू-हुआंग ही चिनी गोळी फार नावाजलेली आहे. वू जुतोंग या वैद्याने 1798 साली लिहून पूर्ण केलेल्या ग्रंथात तिची कृती आहे आणि तिच्यात यू-जिन पडते. याच गोळीत हिंगूळ आणि मनशीळ, म्हणजे पारा आणि सोमल यांची संयुगेही असतात, हे प्रवासात भेट म्हणून ती गोळी विकत घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. पूर्वी तिच्यात गेंड्याचे शिंगही घालीत. चीनने 1993 साली त्यावर बंदी घातली, तेव्हापासून म्हशीच्या शिंगाचे सत्त्व वापरतात.

राहिली आपली हळद, जियांग-हुआंग. खांदा आणि दंड आखडून दुखत असेल तर तिची, विशेषतः वर सांगितलेल्या कापांच्या हळदीची, आठवण चिनी वैद्याला प्रथम होते. गळू, सूज आणि लाल झालेल्या गाठीवर लावण्याची एक पिवळी पूड आहे. चेन शिगोंग या शल्यवैद्याच्या 1617 सालच्या ग्रंथातील ही कृती आजही तेथील दुकानांत तयार मिळते. तिच्यात इतर औषधांबरोबर हळद आहेच. मुक्या मारावर आंबेहळदीचा लेप लावणाऱ्या आपल्या घरांना यात काही नवल वाटू नये.

तेल, इंजेक्शन आणि कर्करोग

त्या रंगीत पत्रकातील मजकूर शंभर टक्के खोटा होता असे मी म्हणत नाही. त्यात खऱ्याचा एक कण होता, आणि म्हणूनच तो धोक्याचा होता.

1970 च्या दशकात चिनी डॉक्टरांनी अ-झूपासून काढलेल्या तेलाचा गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर उपयोग करून पाहिला. पुढे या तेलातील एलेमीन नावाचा घटक वेगळा काढून त्याचे इंजेक्शन तयार करण्यात आले. 1990 च्या दशकापासून चीनमध्ये ते कर्करोगाच्या इतर उपचारांबरोबर पूरक म्हणून परवान्याने वापरले जाते. त्यावरील बहुतेक चाचण्या चीनमध्येच झाल्या आहेत. त्यांपैकी अनेक लहान आणि रचनेने कच्च्या आहेत असा आढावा घेणाऱ्यांचा अभिप्राय आहे. इतर बहुतेक देशांनी हे औषध स्वीकारलेले नाही. अ-झूच्या तेलाचे दुसरे एक इंजेक्शन मुलांच्या विषाणुजन्य आजारांत दिले जाई. त्यातून तीव्र ॲलर्जीच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत.

म्हणजे शेतातील गड्डा आणि इस्पितळातील ती बाटली यांमध्ये तेल काढणे, घटक वेगळा करणे, शुद्ध करणे अशा कितीतरी पायऱ्या आहेत. गड्डा उगाळून चाटल्याने ते औषध पोटात जात नाही. ऊस चघळला म्हणून सलाईन लागले असे आपण म्हणत नाही, तसेच हे. घरात कर्करोगाचा रोगी असला की माणूस कोणाच्याही सांगण्यावरून काहीही द्यायला तयार होतो. चालू असलेला उपचार थांबवून कोणी कचोरा किंवा काळी हळद देत असेल तर कृपा करून त्याला अडवा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी आणि शस्त्रक्रिया ठरलेल्यांनी हळदीचे अर्क किंवा कॅप्सूलही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. भाजी-आमटीतील चिमूटभर हळदीविषयी मी हे बोलत नाही.

बेणे घेण्यापूर्वी

औषधी म्हणून यांपैकी कोणतेही पीक लावण्याचे आमिष कोणी दाखविले तर पहिला प्रश्न जातीचा विचारावा. "चिनी हळद" ही जात नव्हे. पूर्ण शास्त्रीय नाव लेखी घ्यावे. शक्य असेल तर पान, फुलांचा तुरा आणि गड्डा असा पूर्ण नमुना कृषी विद्यापीठात किंवा वनस्पतिशास्त्राच्या जाणकारास दाखवावा, कारण नुसत्या गड्ड्यावरून जात ओळखणे आम्हालाही अवघड जाते. दुसरा प्रश्न प्रक्रियेचा. खरेदीदाराला माल शिजवून हवा की कच्चे काप हवेत, हे ज्याला सांगता येत नाही त्याला औषधाचा धंदा माहीत नाही असे समजावे. तेलाचे प्रमाण किती हवे हेही विचारावे. चीनच्या औषधी ग्रंथानुसार अ-झूत सुगंधी तेल दीड टक्क्यापेक्षा कमी चालत नाही, आणि जियांग-हुआंगमध्ये 7 टक्के तेल आणि किमान 1 टक्का कुरकुमीन लागते. गिऱ्हाईक असे आकड्यांत बोलते. जो फक्त एकरी लाखांत बोलतो, तो बेणे विकायला आलेला असतो.

कचोरा आणि आंबेहळद यांना आपल्याकडे स्वतःची मागणी आहे, पण ती मर्यादित आहे. उटणे करणारे, आयुर्वेदिक औषधवाले आणि लोणच्यासाठी ओली आंबेहळद घेणारे, एवढेच गिऱ्हाईक. त्यांच्याशी आधी बोलून पाच-दहा गुंठे लावण्यास हरकत नाही. एक काळजी मात्र घ्यावी. कचोऱ्याचे बेणे, वाफे, कढई आणि वाळवणीची जागा हळदीपासून वेगळी ठेवावी. हळदपुडीत कचोऱ्याची भेसळ तपासणीत आढळलेली आहे. आपल्या नकळत चार गड्डे मिसळले तरी सबंध लॉट नाकारला जाऊ शकतो, आणि भेसळ मुद्दाम केली नव्हती हे पेठेत कोणी ऐकून घेत नाही.

पिशवी घेऊन आलेल्या त्या बंधूंनी पुढे कचोऱ्याचे काप करून सावलीत वाळवले आणि उटणे करणाऱ्यांना थोडे थोडे विकले. बेण्याचे पैसेही पूर्ण निघाले नाहीत. त्या वीस गुंठ्यांत त्यांनी यंदा पुन्हा सेलम लावली आहे. मागचे राहिलेले कचोऱ्याचे कोंब अजून मधूनमधून वर येतात आणि ते हाताने उपटावे लागतात.

दोन प्रश्न

भाषणानंतर आलेल्या प्रश्नांपैकी दोन येथे देतो.

एका भगिनीने विचारले की चिनी वैद्य यू-जिन आणि लवंग एकत्र देऊ नये असे म्हणतात, हे तिने कोठेतरी ऐकले आहे. मग आपल्या मसाल्यात हळद आणि लवंग दोन्ही असतात, त्याचे काय? तिचे ऐकणे बरोबर आहे. एकमेकांशी न जुळणाऱ्या औषधांची त्यांची एक जुनी यादी आहे. तीत ही जोडी येते आणि आजच्या ग्रंथातही तो निर्बंध कायम आहे. पण तो औषधी मात्रेतील मुळांच्या फुगवट्यांविषयी आहे. गोडा मसाला खुशाल करावा.

दुसरा प्रश्न एका वयस्कर मावशींचा होता. सुनेला दिवस गेले आहेत, दुधातून हळद देते, त्यात थोडा कचोरा घातला तर चालेल का? मी त्यांना नको म्हणून सांगितले. स्वयंपाकातील हळद चालू द्या. कचोरा, आंबेहळद किंवा कोणी आणून दिलेली कसलीही औषधी हळद या दिवसांत पोटात देऊ नका, आणि दुधातली हळदही किती द्यायची ते तपासणीच्या वेळी डॉक्टरीणबाईंना विचारा. घरात कचोरा असेल तर तो उटण्यासाठी डब्यात राहू द्या, आणि डब्यावर नाव लिहून ठेवा.